समुद्राला लावलेला कौल

किन्हवली,
१७ नोव्हेंबर २०२४

मनू,

भात घरात आलं. पेंढा अजून अंगणात पडला आहे आणि त्याच्यावरच बसून हे लिहिते आहे. फोनवर तू काय बोलतेस ते मला आता काहीच कळत नाही. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. एवढी वर्षं अंगणवाडीत पोरांचा कालवा ऐकला, कान दमले असतील. तेव्हा तूही पत्रच पाठव. अक्षर मात्र नीट काढ, तुझं मागचं पत्र वाचताना चष्मा तीनदा पुसला.

कामाचं आधी सांगते. प्रणितला वाशिंदची कंपनी सोडायची आहे.

हेतलचे बाबा, सावळाराम व्याही, गणपतीनंतर बोटीतून उतरताना पडले. खांदा बसवून घेतला, पण आता जाळं ओढायला हात वर जात नाही. मुलगा नाही त्यांना, हेतल एकटीच. बोट वसईच्या बंदरात नुसती डुलते आहे. प्रणित म्हणतो, आम्ही दोघं तिकडे राहायला जातो आणि बोट मी चालवतो.

मी म्हटलं, "तुला पवता तरी येतं का रे नीट?"

"नदीत शिकलो ना."

"नदीत बोंबील नाय मिळत. आनि लोक तुला घरजावई म्हणतील ते येगळंच."

तर म्हणतो, "आये, एवढी वरसं ठेकेदाराचा जावयच हाय मी. तो तर जेवायला पन नाय घालत."

हेतल आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे हसली असणार. माझ्यासमोर हसत नाही ती, शहाणी आहे.

चार-पाच दिवस घरात हेच चाललं. मी एक बोलले की तो दुसरं. एकदा तर त्याचं बोलणं चालू असताना मी यंत्रच काढून ठेवलं कानातून. शेवटी तो म्हणाला, "मनूताय समुद्राचंच पुढचं बघते ना? ती सांगल तसं करू." हेतलने मान हलवली. मीही हो म्हटलं.

तेव्हा आता तुझ्यावर आहे. माझी भाची कोचीला बसून समुद्राचं पुढचं बघते हे मी अख्ख्या आळीला सांगितलं आहे, पण बघतेस म्हणजे काय करतेस ते मला कधी नीट कळलेलं नाही. नसू दे. एवढंच सांग, वसईसमोर बोंबील राहील की संपेल? माझ्या मनात काही नाही. तुम्ही पोरं सुखी तर मी सुखी.

नव्या भाताचे पोहे तुझ्यासाठी बाजूला काढले आहेत.

वत्सला आत्या

---

कोची,
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि जेवायचं राहून गेलं. शाळेसाठी तुझ्याकडे राहत होते तेव्हा तू माझी पाटी तपासायचीस. आज तू माझ्यापुढे पाटी धरलीस आणि मला उत्तर येत नाही, असं काहीसं वाटलं.

मी काय करते ते एकदा सांगतेच. आमच्या संगणकात एक खोटा समुद्र आहे. अरबी समुद्राचे आम्ही चौकोन पाडतो, शेतात बांध घालतो तसे. प्रत्येक चौकोनात पाणी किती गरम, किती खारट, माशाला श्वास घ्यायला त्यात हवा किती, पिल्लांना खायला बारीक शेवाळ किती, हे सगळं भरायचं. मग वर्षं पुढे ढकलत न्यायची. जग तापतं आहे, त्याबरोबर समुद्रही. तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते. मासा तक्रार करत नाही, उठून जातो. काही उत्तरेला जातात, काही खोल जातात, काहींना जाताच येत नाही. कोण कुठे जाईल याचा अंदाज बांधणं हे माझं काम.

एकाच हिशेबावर विसंबलं तर फसायला होतं. म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी केलेले वीस हिशेब आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. पारावर बसलेले वीस म्हातारे समज. एकाला सगळीकडे वाईटच दिसतं. एक असा आहे की काहीही विचारा, तो म्हणतो काही बिघडत नाही. मी कुणा एकाचं ऐकत नाही, सगळ्यांचं मिळून कुठे झुकतं ते बघते.

आता वसईचं. विसातले चौदा म्हणतात की दोन हजार पन्नासच्या सुमारास तिथे बोंबील आजच्यापेक्षा कमी असेल. संपेल असं एकही म्हणत नाही. येत्या दहा वर्षांबद्दल विचारलं तर त्यांचं आपसातच भांडण लागतं. वादळी दिवस वाढतील यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे. म्हणजे बोट बांधून घरी बसण्याचे दिवस वाढतील.

मला माहीत आहे ते एवढंच. प्रणितने नोकरी सोडावी की नाही हे यावरून ठरवू नका, आत्या. मी हात जोडून सांगते. हा एका किनाऱ्याचा अंदाज आहे, एका बोटीचा नाही.

माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, एक फणसाचं झाड दिसतं. सिद्धगडाच्या पायथ्याशी जन्मलेल्या मुलीला समुद्राचं काम कसं मिळालं, असं इथे सगळे विचारतात. मी म्हणते, आमच्याकडे समुद्र नव्हता म्हणूनच.

पोहे पाठवू नकोस, मी येऊन खाईन.

तुझी,
मनू

---

किन्हवली,
१४ डिसेंबर २०२४

मनू,

कौल मिळाला. बरं झालं.

तुझं पत्र मी दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं. चौदा म्हाताऱ्यांपर्यंत आले आणि प्रणित उठला. म्हणाला, "बस झालं आये, कळलं." पुढचंही मी वाचलं, काही गाळलं नाही. पण तू विसरलीस का आपल्याकडे कौल कसा असतो? गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही. पाकळी का गळली, वारा होता का, फूल कालचं होतं का, असं कुणी विचारत बसत नाही. चौदा एका बाजूला आणि सहा एका बाजूला, म्हणजे डावीच पडली.

प्रणित दुसऱ्या दिवशी वेळेवर वाशिंदला गेला. वाद मिटला. हेतल जरा गप्प आहे, होईल नीट.

भाताच्या जागी वाल टाकले आहेत, दोन पानांवर आलेत. थंडीत हवा स्वच्छ असते, सकाळी तुमच्याकडचा सिद्धगड दिसतो. तो दिसला की तुझी आठवण येते. हे मी तुला याआधी कधी लिहिलं नव्हतं.

जेवत जा.

आत्या

(याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या कागदावर)

मनूताय,

आईंनी पाकीट उघडंच माझ्याकडे दिलं, चिकटवून पोस्टात टाकायला, म्हणून ही चिठ्ठी आत घालते. त्यांना सांगू नका.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी आईंनी पुरणपोळी केली. सण नाही, वार नाही. प्रणितने विचारलं, "आज काय हाय?" तर म्हणाल्या, "डाळ किडली असती." डाळ मागच्याच आठवड्यात आणलेली होती. तिकडे समुद्रातले मासे कमी झाले आणि इकडे आमच्याकडे पुरण शिजलं. मला आधी हसू आलं.

मग बघितलं तर आई प्रणितच्या ताटात तिसरी पोळी वाढत होत्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. तेव्हा नाही हसू आलं.

बाबा होळीपर्यंत वाट बघतो म्हणाले. होळीला आमच्याकडे बोटीची पूजा असते. त्यानंतर बोट देऊन टाकतील. मी त्यांना काही कळवलेलं नाही, काय कळवू?

आईंना रागावू नका. आमचं लग्न त्यांनीच सगळ्यांशी भांडून लावलं. मी कंपनीत पॅकिंगला होते, प्रणित तिथलाच. त्यांचे दीर म्हणाले, आपल्यातली नाही. तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "मंग आता होईल आपल्यातली."

हेतल

---

कोची,
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला त्याचं कारण सांगते, आणि ते कारण म्हणजेच हे पत्र आहे.

धनेश म्हणून माझा इथला सहकारी आहे, रत्नागिरीचा. आम्ही एकमेकांचे हिशेब तपासतो. त्याने माझ्या वसईच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मनस्वी, या खाडीत बारा महिने सारखंच पाणी येतं का गं?"

खाडीत येणारं नदीचं गोडं पाणी मी वर्षभर एकसारखं धरलं होतं. खरं तर ते पावसात लोंढ्याने येतं आणि उन्हाळ्यात जवळजवळ थांबतं. बोंबलाची पिल्लं त्या गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर वाढतात. आणि ती खाडी कुणाची, आत्या? उल्हास नदीची. उल्हासला मिळतात काळू आणि भातसा. म्हणजे ज्या पाण्यात मी तुझ्याबरोबर गोधड्या धुतल्या, जे पाणी पावसात पायरी खाऊन जातं आणि मे महिन्यात डबक्याएवढं उरतं, तेच मी कागदावर सरळ रेघेत वाहतं केलं. दुसऱ्या कुणाची नदी असती तर मी दोनदा तपासली असती. आपली म्हणून गृहीत धरली.

चूक दुरुस्त करून सगळे म्हातारे पुन्हा बसवले. आता अकरा म्हणतात की बोंबील कमी होईल. नऊ म्हणतात, आहे तसाच राहील किंवा थोडा वाढेल. अकरा-नऊ म्हणजे 'माहीत नाही' हे सांगायची लांबलचक पद्धत. वादळांबद्दल लिहिलं होतं ते मात्र तसंच आहे.

अंदाज हा कौल नसतो, आत्या. नवी माहिती आली की तो पुन्हा विचारावा लागतो. पुन्हा विचारतात म्हणूनच त्याच्यावर थोडाफार विश्वास ठेवता येतो. हे पत्रही दोघांना समोर बसवून वाच. माझी चूक आहे, ती त्यांना कळू दे.

तुझी,
मनू

---

किन्हवली,
२७ जानेवारी २०२५

मनस्वी,

तुझं पत्र मिळालं. मी ते वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही.

प्रणितने फोन केला होता का तुला? खरं सांग. लहानपणीही तो काचा फोडायचा आणि तू म्हणायचीस वाऱ्याने दार आपटलं.

कौल दोनदा लावायचा नसतो हे तुला माहीत आहे. उद्या गुरव घरी आला आणि म्हणाला, बाई, काल पाकळी जरा जास्त ओली होती, तर मी काय करायचं? पेरलेलं उकरून काढायचं? मी शेजारच्या धोंडीबाईला विचारलं. तुझं नाव नाही घेतलं, उगाच सहज विचारल्यासारखं. ती म्हणाली, "दोनदा कौल लावला का देवी कान बंद करते." मी म्हटलं, "माझ्यासारखे?" तर म्हणाली, "तुझे तू सोईचे बंद करतेस गो वत्सले." तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

घरात आता शांत आहे. प्रणित येतो, जेवतो, झोपतो. पूर्वी कंपनीतल्या गमती सांगायचा, मला ऐकू यावं म्हणून हातवारे करून. आता सांगत नाही, दमत असेल. म्हसाच्या जत्रेला तिघं गेलो होतो. त्याला घोंगडी घेतली. त्याने ती न उलगडताच माळ्यावर ठेवली.

तुझ्या हिशेबात चूक झाली म्हणून मी रागावले नाही. चूक कोणाची होत नाही? तू ती मला सांगितलीस, याचा राग आहे. सगळं मिटलं होतं.

आत्या

---

कोची,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

तू मला 'मनस्वी' लिहिलंस म्हणजे किती रागावलीस ते कळलं. प्रणितने फोन केला नव्हता. काचेचं म्हणशील तर दोनदा त्याने फोडली होती आणि एकदा मी.

गेल्या आठवड्यात इथल्या बंदरावर गेले होते. काही वर्षांमागे इथून तारली मासा जवळपास नाहीसा झाला होता. आमच्या लोकांनी त्याची कारणं शोधली, मोठमोठे लेख लिहिले. मी मात्र तिथे एका बाईला विचारलं, त्या वर्षांत तुम्ही काय केलंत? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी वेडी आहे. म्हणाली, दुसरं जाळं घेतलं, दुसरा मासा धरला, एका मुलाला गॅरेजमध्ये पाठवलं, एक बोटीवर राहिला. नंतर तारली परत आली. आता पुन्हा कमी झाली आहे. सांगता सांगता तिच्या हातांनी टोपलीभर मासे निवडले.

परत येऊन मी संगणकासमोर बसले. माझ्या चौकोनांत पाणी आहे, मीठ आहे, शेवाळ आहे, मासा आहे. जाळं बदलणारा माणूस नाही. त्याला बसवायची पद्धत अजून कुणाला नीट सापडलेली नाही. आम्ही प्रयत्न करतो आहोत, पण माणूस फार हलतो.

म्हणून मासे राहतील का, या प्रश्नावर मी आता काही लिहीत नाही. कौल दोनदा लावू नये हे तुझं म्हणणं मी मानते. पण लहानपणी देवळात तुझ्या शेजारी बसून मी एक गोष्ट शिकले होते. पाकळी गळायच्या आधी माणूस तिच्याकडे बघत असतो, तेव्हाच त्याला कळतं की आपल्याला ती कुठल्या बाजूला गळायला हवी आहे.

तेवढंच विचारते. मी रागावणार नाही, आणि हे पत्र कुणाला वाचून दाखवायचं नाही. तू माझ्या त्या पहिल्या पत्राची वाट बघत होतीस तेव्हा पाकळी कुठल्या बाजूला गळावी असं तुझ्या मनात होतं?

तुझीच,
मनू

---

किन्हवली,
२० मार्च २०२५

मनू, बाळा,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. आधी राग होता म्हणून. मग राग गेला तरी उत्तर सापडत नव्हतं. सापडत होतं, पण कागदावर येत नव्हतं.

डावी. मला डावीच हवी होती.

तू कोचीला जायला निघालीस तेव्हा तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं, ताई, कौल लावून घे. मी लावला नाही. डावी पडली असती तर तुला थांबवावं लागलं असतं, म्हणून देवळाकडे फिरकलेच नाही. प्रणितच्या वेळी मात्र लावला, कारण मला त्याला थांबवायचं होतं. हे मला वाल तोडताना सुचलं. टोपली तशीच बांधावर ठेवून खाली बसले. हेतलने लांबून बघितलं, तिला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन धावत आली. मी तिला म्हटलं, "होळीला तुझ्या म्हायेरी मला नेशील का गो?" पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायचा होता, तिने तो स्वतःच पिऊन टाकला.

त्या संध्याकाळी तुझं अकरा-नऊचं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. प्रणितने शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, "कधी आलं हे?" मी खरं सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "जेवायला काय हाय?" एवढंच. मी त्याला ओळखते, त्याचं तेवढ्यातच सगळं आलं.

होळीला आम्ही वसईला गेलो. मनू, तो वास मला दोन दिवस सोसवला नाही. बांबूच्या काठ्यांवर बोंबील दोन-दोन करून एकमेकांच्या जबड्यात अडकवून वाळत घातलेले. आयुष्यभर खाल्ले, पण असे टांगलेले कधी बघितले नव्हते. बोटीला पताका लावल्या होत्या. सावळाराम व्याही एका हाताने पूजा करत होते आणि दुसरा हात कंबरेशी धरला होता. मला म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या भाचीने सांगितलाय म्हणे बोंबील जानार. मी लहान असताना माझा आजा पन हेच सांगायचा."

मी म्हटलं, "मग गेला का?"

"थोडा गेला. आमी पन थोडं त्याच्या मागं गेलो." मग हसले. "पन तुमची भाची खोटं नाय बोलत. वाऱ्याचा काय भरवसा राह्यला नाय. पूर्वी या दिसांत डोळे मिटून जायचो."

मी विचारलं, "मग माझा पोर कशाला मागताय?"

तर म्हणाले, "मी कुठं मागतोय. तो येतो म्हनतो. आनि जून-जुलैत बोट वर काढतात, सरकारची बंदी असते. ते दोन म्हयने तुमचा पोर तुमचा. तुमच्या आवणीला न्या नं त्याला."

गेली कित्येक वर्षं आवणीला प्रणित घरी नसतो. कंपनी भात लावायला सुट्टी देत नाही. मी मजुरांच्या पाया पडून शेत लावून घेते, आणि समुद्राला सुट्टी कधी, तर बरोबर आपल्या आवणीला. प्रणितकडे बघितलं तर तो म्हणाला, "हे तवाच सांगितलं व्हतं, आये. तू यंत्र काढून ठेवलंस."

आता ठरलं आहे ते सांगते. मेपर्यंत तो कंपनीत जाईल. आवणी करेल. नारळी पौर्णिमेनंतर दोघं वसईला. त्याच्या बोटीवर शाम म्हणून व्याह्यांचा जुना जोडीदार असेल, तो सगळं शिकवेल. हेतल तिकडे सुक्या मासळीचं बघेल, आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याचा साठा करायच्या दिवसांत, आपल्या किन्हवलीच्या बाजारात आणून विकेल. म्हणजे मी तिची गिऱ्हाईक होणार. भाव करीन म्हटलं.

चौदाही नको आणि अकराही नको. मीच हो म्हटलं.

आत्या

---

कोची,
२ एप्रिल २०२५

माझी आत्या,

तुझं पत्र धनेशला वाचून दाखवलं, रागावू नकोस. त्याला ते समुद्राच्या सुट्टीचं फार आवडलं. म्हणाला, आमच्या घरीही असंच असायचं, बाबा पावसात शेतकरी आणि एरवी खलाशी. हे आपल्या हिशेबात कुठेच नाही, असंही म्हणाला.

मला आनंद झाला आहे, आणि भीतीही वाटते आहे. दोन्ही सांगते, कारण तुझ्याशी अर्धं बोलायची सवय मला नको आहे. पाणी तापतंच आहे. गेल्या वर्षीपेक्षा या वर्षीचे आकडे बरे नाहीत. काही वर्षांनी बोंबील खरोखर कमी झाला आणि प्रणितच्या हाती काही राहिलं नाही, तर तू मला दोष देशील का? दे, पण आधी मला कळव. मी दरवर्षी वसईचा चौकोन पुन्हा बघेन. तू विचार किंवा विचारू नकोस, जे दिसेल ते लिहीन.

आवणीला मला सुट्टी मिळेल असं वाटतं. चिखलात उभं राहायला पाय अजून तयार आहेत का ते बघू.

मनू

---

किन्हवली,
१८ ऑगस्ट २०२५

मनू,

तू आवणीला आलीस आणि दुसऱ्याच दिवशी कंबर धरून बसलीस, हे अजून धोंडीबाई सगळ्यांना सांगते. तुझ्या हातची रोपं मात्र लागली. त्या वाफ्यात जरा वाकडी आहेत, ओळखू येतात.

पोरं गेली. घर एकदम मोठं झालं. हेतलने जाताना स्वयंपाकघरातले सगळे डबे भरून ठेवले, जणू मीच कुठे प्रवासाला निघाले आहे. प्रणित पाया पडला आणि म्हणाला, "आये, रडू नको, लोक म्हणतील सून सासरी चालली." मी त्याच्या पाठीत एक दिली.

मी दोष देईन का, असं तू एप्रिलमध्ये विचारलं होतंस. इथे आलीस तेव्हा बोलू म्हटलं, पण चिखलात राहून गेलं. नाही देणार. दोष द्यायला तू देव नाहीस, आणि देवालाही मी आजवर दिला नाही. पाच वर्षांनी बोंबील नसला तर तो दुसरा मासा धरेल, नाहीतर परत येऊन वाल लावेल. त्याला दोन्ही येत असेल. तू तुझा चौकोन दरवर्षी बघ आणि खरं असेल ते लिही. मी वाचेन, त्यालाही वाचून दाखवीन. सगळी पानं.

काल तो पहिल्यांदा रात्रभर बाहेर होता. सकाळी हेतलचा निरोप आला, सुखरूप आले म्हणून. इथे संध्याकाळपासून वारा सुटला आहे. वालाच्या मांडवासाठी उभ्या करून ठेवलेल्या काठ्या पडल्या, मी उठून पुन्हा लावल्या, पुन्हा पडल्या. मग ओट्यावर येऊन बसले. पश्चिमेकडे ढग आहेत. इथल्या ढगाचं मला कळतं, हा भाताचा ढग आहे, चांगला आहे. तिकडे तो कसा असतो ते कळत नाही.

उद्या पहाटे तो पुन्हा जाणार आहे. दोन हजार पन्नासचं राहू दे, मनू. उद्या वसईसमोर वारा कसा असेल, तेवढं तुझ्या त्या चौकोनात दिसतं का? हे पत्र तुला पोचेल तेव्हा तो उद्या कधीच होऊन गेला असेल, एवढं मला समजतं. तरी विचारते.

आत्या